गिटारची गवसणी

गिटार घ्यायची ठरवली की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. लाकूड कोणतं बघावं, तारा कुठल्या लावाव्यात, मान सरळ आहे की नाही हे कसं ओळखावं, सगळं सांगणारे भेटतात. ती घरी कशातून न्यायची, हे मात्र कुणी सांगत नाही. दुकानदार बिल करता करता एक काळी पातळ पिशवी तिच्यावर चढवतो, ‘ही आमच्याकडून’ म्हणतो, आणि आपणही फुकटात मिळालं म्हणून खुशीत दुकानाबाहेर पडतो. पिशवीत स्पंज असतो तो नावापुरता. रिक्षात बसताना दांडीवर ‘टक्’ असा आवाज येतो, पोटात गोळा येतो, आणि मग लक्षात येतं की अर्धी खरेदी अजून व्हायचीच आहे.

मी गिटार शिकायला लागले ती चाळिशी उलटल्यावर. राहते डोंबिवलीत, क्लास दादरला. शिवाय आमचा एक छोटा गट आहे. पेटी, तबला, दोन गाणारे आणि मी. जुनी भावगीतं, थोडी हिंदी. गणपतीत कुणाच्या सोसायटीत, कोजागिरीला कुणाच्या गच्चीवर, एरवी साठीशांत नाहीतर मंगळागौर असं आमचं चालतं. त्यामुळे माझी गिटार भिंतीवर टांगून ठेवायची वस्तू होऊच शकत नाही. ती जिने चढते-उतरते, लोकलने जाते, स्कूटरवर माझ्या मागे बसते. तिला अंगभर काहीतरी हवं, आणि ते मला उचलता आलं पाहिजे, एवढी माझी गरज होती.

वाद्याला झाकून न्यायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तंबोऱ्याला गवसणी, पेटीला खोळ. माझ्या आजोळी मिरजेचा तंबोरा होता. मिरजेत एके काळी शस्त्रं घडवणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली आणि तिथले तंबोरे-सतारी देशभर गेले. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडच्या शेतातून आलेला. भोपळा म्हणजे अखेर एक वाळलेलं फळ. एखादा जोराचा ठोसा बसला तर तडा ठरलेला. आणि एवढ्या नाजूक वाद्याची गवसणी कशाची, तर आजीच्या विरलेल्या नऊवारीची, आतून जुन्या दुलईचा एक पदर लावलेली. त्या कापडाने धूळ अडायची, फार तर एखादा ओरखडा वाचायचा. तरीही तो तंबोरा दोन पिढ्या धडधाकट राहिला. कशाच्या जोरावर, हा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नव्हता. गिटारची केस शोधायला निघाले तेव्हा पडला.

आधी गिटार म्हणजे काय ऐवज आहे ते सांगते. दुकानात सर्रास दिसणारी मोठ्या अंगाची अकूस्टिक गिटार, जिला ड्रेडनॉट म्हणतात, ती साधारण ४१ इंच लांब आणि वजनाला दोन किलोंच्या आसपास. वरची फळी बहुधा स्प्रूसची, जाडी तीन मिलिमीटरच्या आतबाहेर. अनेक चांगल्या गिटारींची पाठ आणि कडा शिसवीच्या असतात. आपल्याकडे शिसवी म्हटलं की चौघांनी मिळून हलवायचा पलंग डोळ्यांसमोर येतो; इथे तीच शिसवी तासून तासून दोन-अडीच मिलिमीटरवर आणलेली असते. १९६९ च्या सुमारास ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाली तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने भारतीय शिसवी वापरायला सुरुवात केली. म्हणजे आमच्या घाटातलं झाड कुठल्या कुठे जाऊन गाऊ लागलं. आता या पातळ डब्यावर सहा तारा ताणलेल्या असतात आणि त्यांचा एकत्रित ओढा ७० किलोंच्या घरात जातो. दिवस असो वा रात्र, वाजवा की न वाजवा, तो ओढा चालूच. फळी जाड केली तर हे सगळं निर्धास्त झालं असतं, पण मग आवाज आला नसता. गिटार गाते ती तिच्या पातळपणामुळेच, आणि जिवाला जपावं लागतं तेही त्याचमुळे.

धोबी तलावला फुर्टाडोजसारखी १८६५ पासूनची दुकानं आहेत, दादरला आहेत, आता ठाण्यालाही आहेत. या सगळ्या दुकानांत मी केसेस नुसत्या उचलून पाहत हिंडले. सर्वात खाली ती फुकटातली पिशवी, जेमतेम अर्धा किलो. तिच्या वर गिग बॅग: दहा किंवा वीस मिलिमीटर जाडीचा मऊ फोम, पाठीवर अडकवायचे दोन पट्टे, पुढे वही-कॅपो-तारा ठेवायला मोठा खिसा, वजन दीड-दोन किलो. मग फोम केस. थर्मोकोलचाच दाट, टणक भाऊबंद वाद्याच्या आकारात साच्यातून काढलेला, वरून नायलॉनचं कापड, भोवती चेन; दोन ते अडीच किलो. त्यानंतर प्लायवूडची, बाहेरून रेक्झिन, आतून मखमली अस्तर आणि पाच-सहा खटके असलेली भारदस्त पेटी, चार-पाच किलो. एबीएस प्लास्टिकची साच्यातली केस वजनात तिच्याच पंगतीला बसणारी. आणि काचेच्या कपाटात कार्बन फायबरची. हलकीही आणि दणकटही, पण तिच्या किमतीत माझ्या गिटारसारख्या चार-पाच गिटारी आल्या असत्या.

दुकानदाराचा कल प्लायवूडकडे होता. तिच्यावर मुठी आपटून दाखवत म्हणाला, “मॅडम, उभ्या राहा हिच्यावर. काही होत नाही.” त्यात खोटं काही नव्हतं. पण माझी गिटार आडवी टाकून तिच्यावर कोण कशाला उभं राहील, हे काही मला समजेना. पेटी दणकट म्हणजे आतला जीव सुखरूप हे समीकरण फार जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात मार्टिनच्या गिटारी ज्या लाकडी पेट्यांतून जात, त्यांना जुन्या वस्तू जमवणारे लोक आकारावरून ‘कॉफिन केस’ म्हणतात. शवपेटी. दणकटपणाच्या बाबतीत तिला तोड नाही, आणि आत ठेवलेल्याला पुन्हा बाहेर काढायची कुणाला घाई नसते.

त्या दुकानदाराचं समीकरण सुटं करून दाखवलं ते गिरगावातल्या एका कारागिरांनी. तंतुवाद्यं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. मी गेले तेव्हा त्यांच्या पुढ्यात एक गिटार मान मोडून पडली होती. डोकं म्हणजे तारांच्या खुंट्यांचा भाग, मानेपासून सुटून तारांवर लोंबत होता.

“ही बघा हिची पेटी,” ते म्हणाले. “एक ओरखडा नाही. खटकेसुद्धा नवेकोरे. मालक विचारतो, पेटीला काही झालं नाही मग गिटार कशी मोडली?”

“कशी मोडली?”

त्यांनी तुटलेला तुकडा उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. महोगनीच्या तांबूस लाकडात रेशे स्पष्ट दिसत होते. मानेच्या लांबीने ते सरळ धावत होते, पण डोकं जिथून मागे कलायला लागतं तिथे ते तिरपे कापले जाऊन तोकडे झाले होते. गिब्सन धाटणीच्या गिटारींचं डोकं सतराएक अंशांनी मागे झुकलेलं असतं आणि मान एकाच लाकडातून कोरलेली असते. त्यातच नेमकी तिथे, आतल्या लोखंडी सळईचा पेच फिरवता यावा म्हणून एक खाच पाडलेली. म्हणजे जिथे लाकूड सर्वांत भक्कम हवं तिथेच ते सर्वांत कमी. कारागिरांनी त्या खाचेत बोटाचं टोक घालून दाखवलं. दोन्ही बाजूंना उरलेली भिंत पेन्सिलीएवढीसुद्धा नव्हती.

“पेटी भिंतीला उभी टेकवलेली होती. घसरून पाठीवर पडली. पेटी थांबली, आतलं धड थांबलं. डोकं नाही थांबलं. खुंट्यांचं वजन, तारांची ओढ. मानेखाली आधार नाही. मोडणार नाही तर काय होईल?”

त्या दिवशी घरी येऊन मी शाळेतलं गणित आठवून मांडून पाहिलं. एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटर असतो. पेटी दोन हजारांची असो की पन्नास हजारांची, हा वेग काही कमी होत नाही. बदलतं ते फक्त थांबायला मिळणारं अंतर. दोन मिलिमीटरमध्ये थांबावं लागलं तर सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पट. वीस मिलिमीटर मिळाले तर पन्नास पट. म्हणजे बाहेरचं कवच टोचणं-चेपणं अडवतं, पण पडण्याचा मार खातो तो आतला मऊ थर. कोकणातून आंब्याच्या पेट्या उतरवून घेतलेल्या माणसाला हे गणित मांडावं लागत नाही. त्या पेटीच्या फळ्या कशा, तर फटी पडलेल्या आणि हाताने मोडतील इतक्या पातळ. देवगडहून वाशीपर्यंतचा घाट हापूस सोसतो तो आतल्या पेंढ्याच्या जिवावर.

कारागिरांनी मला केस पारखायच्या चार खुणा सांगितल्या, त्या अशा. गिटार आत ठेवून झाकण लावायचं आणि कानाशी धरून हलवायचं. धडाने हालचाल करता कामा नये. मग झाकण उघडून डोक्याखालून कागदाची पट्टी सरकवून पाहायची. ती अलगद आरपार गेली पाहिजे. मानेला मधे आधार हवा आणि डोकं अधांतरी हवं. डोकं तळाला टेकत असेल तर केस कितीही देखणी असली तरी परत द्यायची. तिसरं, बूड. उभी केस हातातून सुटली तर सगळा भार पट्टा अडकवायच्या बटणावर येतो आणि ते बटण लाकडात घुसून आतला ठोकळा फोडू शकतं, म्हणून तिथला फोम सर्वांत जाड हवा. चौथं, चेनच्या आत कापडाची पट्टी शिवलेली हवी, नाहीतर काढता-घालता चेनचे दात पॉलिशवर रेघोट्या ओढतात.

या चार खुणा घेऊन मी पुन्हा दुकानं पालथी घातली. गंमत म्हणजे दोन भारदस्त प्लायवूडच्या पेट्या दुसऱ्याच परीक्षेत नापास झाल्या. फोम केस मात्र चारही पायऱ्या चढली. तिचे दोष वेगळे. टोकदार वस्तूचा नेम बसला तर ती दबते. वर सामान रचलं तर तिचा भरवसा नाही. आणि हा फोम हेल्मेटच्या आतल्या फोमच्याच जातीचा: मोठा मार एकदाच खातो, चेपून धक्का पचवतो आणि मग पूर्ववत होत नाही. म्हणजे एकदा जोरात पडली की बाहेरून ठीक दिसली तरी तिला निवृत्त करायचं. आता काही केसेस एक्सपांडेड पॉलिप्रॉपिलिनच्या येतात, त्या दबून पुन्हा फुगतात, पण त्या आपल्याकडच्या दुकानांत सहज दिसत नाहीत.

तोवर मी क्लासमधून उसनी आणलेली प्लायवूडची पेटी वापरून पाहत होते. संध्याकाळची लोकल, बायकांचा डबा. दारातूनच सुरुवात झाली. “अहो, हे काय कपाट घेऊन निघालात?” “खाली ठेवा हो, गुडघा फुटला माझा.” पाठीवरच्या बॅगेने तरी कुठे सुख? पाठीवर गिटार घेतली की तिचं डोकं आपल्या डोक्याच्या वर फूटभर जातं आणि आपल्याला त्याचं भान राहत नाही. वळलं की पंख्याची जाळी, वाकलं की समोरच्या बाईचा अंबाडा. “ताई, तुमचं दुसरं डोकं सांभाळा,” असं एकीने ऐकवलं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. तेव्हा गर्दीत बॅग पाठीवरून काढून पोटाशी उभी धरायची, बूड आपल्या पावलावर टेकवायचं, हे मी लोकलमध्येच शिकले. पाच किलोंच्या पेटीचं बूड पावलावर टेकवून दादर ते डोंबिवली करता येत नाही.

एकदा दुपारी लगेजच्या डब्यात शिरले. तिथे रिकामे डबे घेऊन परतणारे डबेवाले होते. त्यांच्यातल्या एकाने मला चढताना पेटीला हात दिला आणि उचलताच भुवया वर केल्या.

“काय वो ताई, काय हाय यात?”

“गिटार.”

“तिचं वजन किती?”

“दोन किलो असेल.”

“आन् खोक्याचं?”

“पाच.”

त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं. “बघ की. दोन किलोच्या मालाला पाच किलोचं खोकं. आपण आसं केलं आसतं तर लोकांनी चार वाजता जेवलं आसतं.”

सगळे हसले, मीही हसले. पण नंतर त्याच्या क्रेटकडे बघत बसले. त्यात ना फोम होता ना मखमल. लाकडाची लांब फळी, बाजूला पट्ट्या, त्यात डबे खेटून लावलेले. कळव्याला कुणीतरी आत घुसताना क्रेटवर हात टेकवायला गेलं तर याचा हात आधीच तिथे पोचलेला होता. गप्पा चालूच होत्या, नजर दाराकडे होती, आणि हात डब्यांवर. आजोळच्या तंबोऱ्याचं उत्तर मला तिथे मिळालं. त्या नऊवारीच्या गवसणीने तंबोरा वाचवला नव्हता. वाचवला होता तो मामाने, जो एसटीत तो मांडीवर आडवा घेऊन बसायचा, आणि घरात कुणी धावलं की ‘तंबोरा!’ असं ओरडणाऱ्या आजीने. कापड पातळ होतं, म्हणून माणसं सावध होती. पेटी जाड असती तर मामाने ती एसटीच्या टपावर टाकली असती.

वजन नुसतं खांद्याला जाणवत नाही, ते बेतही बदलतं. आमच्या गटातले पेटीवाले काका दहा-बारा किलोंची हार्मोनियमची पेटी घेऊन रिक्षात चढतात तेव्हा मी त्यांच्या कपाळावरचा घाम बघते. पावसाची सर दिसली की त्यांचा पहिला फोन येतो, “आज राहू दे का?” मोठमोठ्या गायकांच्या वाद्यांचंही तेच झालं. १९७० च्या दशकाच्या अखेरीला बेंगळुरूच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली. पाच फुटी तंबोरा रेल्वेच्या डब्यात कुठे ठेवायचा, हा प्रश्न मात्र सगळ्यांचाच होता. आज रियाजाला तर मोबाइलवरचा तानपुरा लागतो. तंबोरा आवाजात हरलेला नाही, तो वाहून नेण्यात हरला. गिटारचं तसं होऊ नये असं मला वाटतं. घरातही हेच. प्लायवूडची पेटी आमच्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली मावत नाही, म्हणजे ती माळ्यावर जाणार, आणि माळ्यावर गेलेली गिटार खाली येते ती दिवाळीच्या साफसफाईला. फोम केस दाराआडच्या खुंटीला टांगता येते. दहा मिनिटं मोकळी मिळाली तरी हात तिकडे जातो. सीएसएमटीला पोलीस तपासणीला थांबवतात तेव्हासुद्धा एक चेन ओढली की काम होतं. सहा खटक्यांच्या पेटीला आधी जमिनीवर आडवं निजवावं लागतं, आणि तोवर मागे रांग लागते.

पावसाळ्याचं गणित निराळं. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि जुलैतली आमची डोंबिवली ऐंशीच्या खाली यायला तयार नसते. लाकूड पाणी पितं, वरची फळी फुगते, तारा उचलल्या जातात आणि बोटं दुखू लागतात. कुठलीही केस हे थांबवू शकत नाही; बदल सावकाश करते इतकंच. सावकाश झालेला बदल लाकूड सोसतं, झटक्याचा सोसत नाही. म्हणून सिलिका जेलच्या पुड्या आत टाकायच्या, भिजून आल्यावर केस उघडी ठेवून पंख्याखाली वाळवायची, मगच गिटार आत. ओलसर अस्तरात कोंडलेल्या गिटारवर आठवड्यात बुरशीचे पांढरे ठिपके दिसतात. चेन अडकू लागली तर तिच्यावर मेणबत्ती घासायची, वरून पाऊस असेल तर प्लास्टिकचा अंगरखा चढवायचा. आणि एप्रिल-मेच्या दुपारी बंद मोटारीत गिटार कधीही ठेवायची नाही, कारण उन्हाने सरस मऊ पडतो, तारा आपलं ओढणं सोडत नाहीत, आणि तारा अडकवलेली ब्रिजची पट्टी फळीपासून सुटू लागते. यातलं कुठलंच काम केस आपण होऊन करत नाही.

मग कडक पेटीला काही अर्थच नाही का? आहे, आणि तो विमानतळावर कळतो. देशातल्या विमानांत हातातल्या सामानाला साधारण सात किलोंची मुभा असते. वजनात गिटार बसते, लांबीत बसत नाही. बहुतेक वेळा ती पट्ट्यावर सोडून द्यावी लागते, आणि तो पट्टा काळ्या झडपांआड गेला की पुढे तिला कोण कसं उचलतं याच्यावर आपली सत्ता नाही. कॅनडाचे गायक डेव्ह कॅरल २००८ मध्ये शिकागोमार्गे ओमाहाला निघाले होते. सामान चढवणारे लोक वाद्यं फेकताहेत हे सहप्रवाशांनी खिडकीतून पाहिलं, आणि त्यांची टेलर गिटार मोडलेली निघाली. युनायटेड या विमान कंपनीकडून भरपाई मिळेना तेव्हा त्यांनी ‘युनायटेड ब्रेक्स गिटार्स’ हे गाणं रचलं, आणि २००९ मध्ये ते इंटरनेटवर जगभर गाजलं. सगळ्यांनाच असं गाणं सुचत नाही. अशा प्रवासाला तारा थोड्या सैल कराव्यात, डोक्याच्या मागे-पुढे मऊ कापड भरावं, आणि मिळेल ती सर्वांत दणकट पेटी घ्यावी. गणपतीत मंडळाची पोरं स्पीकर, सतरंज्या आणि वाद्यं एकाच टेम्पोत भरतात तेव्हाही मी क्लासची ती पाच किलोंची पेटी मागून आणते. पोरं गुणी असतात, पण त्यांना रात्रीत तीन कार्यक्रम उरकायचे असतात.

म्हणजे कुठली केस चांगली, हा प्रश्न मुळात अपुरा आहे. गिटार वाटेत कुणाच्या हातात असणार, यावर त्याचं उत्तर ठरतं. माझी गिटार बहुतेक वेळ माझ्या हातात असते, म्हणून मी फोम केस घेतली. तिच्या पाठीवर आता लोकलच्या दाराचा काळा पट्टा आहे, कोपऱ्यात एक खळगा आहे. गिटारवरही ओरखडे आहेत. पण ते वाजवताना माझ्याच बांगडीने पडलेले. अमेरिकन गायक विली नेल्सन यांच्या १९६९ पासूनच्या मार्टिन गिटारला, जिला ते ‘ट्रिगर’ म्हणतात, पिकने घासून घासून भोक पडलं आहे. ती अजून मैफलीत जाते. वापराने झालेली झीज कुठल्याही केसने रोखता येत नाही, आणि केस घेतो ती मुळात अशी झीज व्हावी म्हणूनच.

परवा क्लासमधल्या एका नव्या मुलाची आई विचारत होती, पाच किलोंची घेऊ की अडीचची? मी तिला म्हटलं, मुलगा गिटार दुसऱ्याच्या स्वाधीन करणार असेल तर बिनधास्त पाचची घ्या. स्वतः नेणार असेल तर अडीचची बस झाली. उरलेले अडीच किलो त्याच्या लक्षात राहू देत. ती जरा बुचकळ्यात पडली. मुलाने मात्र ते ऐकलं, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली स्वतःची बॅग उचलून पुढ्यात घेतली.